इंजिन कुठाय?

स्पोर्ट्स कार बाळगणारी माणसं वेगाबद्दल फारसं बोलत नाहीत, हे त्यांच्यात ऊठबस असल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्याला वाटतं, चौघं जमले की 'काल दोनशेला नेली' अशा फुशारक्या चालत असतील. तसं बोलणारे असतात, पण या कंपूत त्यांना फार दिवस थारा मिळत नाही. इथली खरी बोलणी खड्ड्यांची, गतिरोधकांची, टायरच्या किमतींची आणि डॅशबोर्डच्या मागून कुठूनतरी येणाऱ्या बारीक करकरीची. कोरडवाहू शेतकरी पावसाबद्दल बोलतो तशी ही माणसं रस्त्याबद्दल बोलतात. कायम तक्रार, कायम अंदाज, आणि दरवर्षी त्याच्याच भरवशावर पेरणी.

मी स्वतः गाडीवेडा नाही. माझी गाडी पार्किंगमध्ये शोधावी लागते, इतक्या तशाच गाड्या आजूबाजूला उभ्या असतात. पण भोसरीत लेथचं वर्कशॉप चालवणारा माझा जुना मित्र या कंपूतला, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसायला मला आवडतं. दिवाळी झाली, घाटातले ओहोळ आटले, की यांचा एक फेरा ठरलेला असतो. पुण्याहून भोर, वरंध घाटाने खाली महाड, तिथून पोलादपूर, आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वर, आणि पाचगणी-वाईवरून घर. एका दिवसात सह्याद्री एकदा उतरायचा आणि एकदा चढायचा.

सातारा रस्त्यावर कापूरहोळला, भोरचा फाटा फुटतो तिथे, उजाडायच्या आत चहाला जमायचं असतं. चार गाड्या होत्या. मित्राची अबार्थ पुंटो, एका सीएसाहेबांची काळी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका पोराची पोलो जीटी आणि एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांची लाल पोर्श बॉक्सस्टर. डॉक्टरांची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तरीही ती आली की बाकीच्या तिघी घरकाम करणाऱ्या वाटायला लागतात.

आता यातली स्पोर्ट्स कार नेमकी कोणती, हा वाद चहाबरोबर येतोच. डॉक्टरांचं मत कडक आहे. दोन दारं, दोन माणसं, बाकी सगळी 'कुटुंबाची गाडी, जिला ताप आला आहे'. यावर मित्राचा ठरलेला प्रतिवाद असा, की त्याच्या पुंटोत १.४ लिटरचं टर्बो इंजिन आहे, १४५ अश्वशक्ती, वजन बेताचं. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून ही गाडी दहा लाखांच्या आत बाहेर पडत होती, आणि मराठी मुलखात बनलेली याहून मजेची गाडी त्याला कुणी दाखवून द्यावी. मग पोरगा दिलीप छाब्रियांच्या अवंतीचं नाव घेतो. २०१२ च्या दिल्लीतल्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तो शाळेत होता आणि वहीच्या मागच्या पानावर तिची चित्रं काढायचा. सीएसाहेब त्याहून मागे जातात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, उघड्या टपाची दोन आसनी गाडी काढली होती. इंजिन रेनॉचं, जेमतेम साठ अश्वशक्ती. आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिला मागे टाकेल. पण वाऱ्याला केस उडतात तेव्हा अश्वशक्ती कोण मोजतो, असं साहेब म्हणतात. त्यांना आता केस नाहीत, हे कुणी बोलून दाखवत नाही.

कापूरहोळ ते भोर हे अंतर थोडं, पण गावं बरीच, आणि गाव तिथे गतिरोधक. बॉक्सस्टरचं पोट रस्त्यापासून चार-साडेचार इंचांवर. सरकारी मापाचा गतिरोधक ती कसाबसा ओलांडते. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, रागाने घातलेला गतिरोधक ही वेगळी जात. तिथे डॉक्टर थांबतात, मागचा-पुढचा रस्ता बघतात आणि गाडी तिरकी घालतात. आधी डावं चाक, मग उजवं, मग मागची दोन. हे चालू असताना चारही गाड्यांमधले हातातले वायरलेस संच गप्प असतात. गाडी पलीकडे उतरली की डॉक्टरांचा आवाज येतो, "नाही लागलं." आणि तिघंही "वा" म्हणतात. शस्त्रक्रिया पार पडल्याची बातमी ते याहून शांतपणे देत असतील.

त्या वायरलेसवर दिवसभर जे बोललं जातं ते कुणी उतरवून ठेवलं तर त्यात 'वेग' हा शब्द क्वचित सापडेल. "डावीकडे खडी." "म्हैस, म्हैस, उजवीकडून." "पुढे शाळा आहे, आवाज कमी." हा शेवटचा निरोप पोराला असतो, कारण त्याने पोलोचा सायलेन्सर बदलून घेतला आहे. कायद्यात हे बसत नाही आणि त्याला ते माहीत आहे. मला स्वतःला तो आवाज आवडत नाही, आणि पहाटे साडेसहाला भोरच्या बाजारपेठेत तर मुळीच नाही. पण हाच पोरगा गावाच्या वेशीवर गाडी वरच्या गिअरला टाकून, श्वास रोखल्यासारखी हलकेच बाहेर काढतो. निम्मी लाज गाडीच्या किमतीत येत असावी.

भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचा फुगवटा रस्त्याची सोबत करायला लागतो, आणि मग बराच वेळ पाणी एका अंगाला, डोंगर दुसऱ्या. इथे सगळे मोकळे होतात. ज्या रस्त्याला वळणं आहेत, रहदारी नाही आणि खड्डे दिसतील इतका उजेड आहे, तो चांगला रस्ता. द्रुतगती मार्गाबद्दल यांच्यात कुणी आपुलकीने बोलल्याचं मी ऐकलं नाही. तिथे शंभरची मर्यादा, सरळ पट्टा आणि कॅमेरे. बॉक्सस्टरमध्ये शंभरला बसणं म्हणजे नुसतं बसणं, असं डॉक्टर म्हणतात. वळणावर मात्र चाळीसलासुद्धा गाडी काहीतरी सांगत असते. स्टिअरिंग जड होतं, पाठीमागून इंजिन ढकलतं, आतलं चाक हलकं झालेलं ढुंगणाला कळतं. हा शब्द डॉक्टरांचाच, आणि वैद्यकीय अचूकतेने वापरलेला.

वरंध घाटाचा रस्ता कावळ्या किल्ल्याच्या अंगावरून खाली कोकणात उतरतो. माथ्याजवळ वाघजाईचं देऊळ, पुढे कांदाभज्यांच्या टपऱ्या आणि त्यांच्या राखणीला असल्यासारखी माकडं. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट पुष्कळदा बंदच असतो. हिवाळ्यात उघडतो तेव्हा कुठे नवं काँक्रीट, कुठे उखडलेली खडी. खालच्या खोऱ्यात शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती जागा हीच, असा शोध धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली लावला. सीएसाहेबांना दर वेळी घळीत उतरून दर्शन घ्यायचं असतं, आणि दर वेळी डॉक्टर विचारतात, "शेवटचा तुकडा कसा आहे?" कसा आहे हे नक्की कुणालाच माहीत नसल्यामुळे समर्थांना वरूनच नमस्कार होतो.

भज्यांपेक्षा माकडांचा प्रश्न मोठा. बॉक्सस्टरला कापडी टप आहे. माकडाने पत्र्यावर उडी मारली तर पोचा येईल, कापडावर मारली तर ते थेट सीटवर उतरेल, आणि नवं कापड जर्मनीहून येणार. म्हणून डॉक्टर भजी गाडीपासून लांब नेऊन खातात, आणि पोरगा काठी घेऊन गाडीजवळ उभा राहतो. टपरीच्या मावशी हे सगळं बघत होत्या. भज्यांचा घाणा काढून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"केवढ्याला घेतली?"

हा प्रश्न दर थांब्यावर येतो, आणि उत्तराची प्रत्येकाची वेगळी रीत आहे. सीएसाहेब "बँकेची आहे" म्हणतात. मित्र "जुनी आहे हो" म्हणून सोडवून घेतो. पोरगा खरा आकडा सांगतो, कारण तो हप्त्यांनी त्याला पाठ झाला आहे. डॉक्टर घसरतात.

"सेकंडहँड आहे, मावशी."

"तरी?"

"स्विफ्टएवढ्याला मिळाली."

मावशींनी गाडीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. "मग स्विफ्टच घ्यायची ना. माणसं तरी बसली असती."

पुढचं अर्धं वरंध वायरलेसवर हेच एक वाक्य फिरत राहिलं.

किमतीबद्दल ही माणसं बाहेर खोटं बोलतात तशी घरातही बोलतात, आणि आपसात मात्र पैशापैशाचा हिशेब उघडा असतो. कुणाचा टायर केवढ्याला, क्लच बदलायला किती, विम्यात काय धरलं नाही. आयात गाडीवर भारतात मूळ किमतीइतकं, त्याहूनही जास्त शुल्क भरावं लागतं. वर महाराष्ट्रात एकरकमी वाहनकराची कमाल मर्यादा २० लाख होती, ती जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. ज्यांना हा कर लागू होणार नाही ते तिघं या विषयावर जास्त पोटतिडकीने बोलत होते. डॉक्टर गप्प होते, कारण त्यांच्या गाडीचा कर आधीच्या मालकाने भरला होता. जुनी बॉक्सस्टर घेण्यामागे त्यांचं आणखी एक तत्त्व आहे. या पिढीत सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन होतं, तीन-तीन सिलिंडर समोरासमोर आडवे निजवलेलं. २०१६ पासून पोर्शने या गाडीत चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. नंतर महागड्या मॉडेलांत सहा परत आले, पण डॉक्टरांच्या लेखी ती तारीख शोकदिनासारखी आहे.

घाट उतरून माझेरी, वरंध मागे पडलं आणि बिरवाडीच्या अलीकडे बॉक्सस्टरच्या काचेवर दिवा लागला. मागच्या उजव्या टायरची हवा कमी होत होती. जादा चाक त्या गाडीत नसतंच. कंपनी एक हवा भरायचं यंत्र आणि टायरात ओतायच्या चिकाची बाटली देते. ती बाटली वापरली की पुढे टायर दुरुस्त करणारा माणूस शिव्या घालतो, म्हणून सगळ्यांचं मत पडलं, नुसती हवा भरत महाड गाठायचं. हवा भर, चार किलोमीटर जा, पुन्हा बघ. असे आम्ही औद्योगिक वसाहतीच्या धुराड्यांवरून महामार्गाला लागलो.

महाडात हमरस्त्याकडेला टायरचं दुकान मिळालं. दुकानाचे मालक पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी टायरवरून हात फिरवून खिळा लगेच दाखवला.

"जॅक जायाचा नाय खाली."

खरंच जात नव्हता. मग त्यांनी आतून दोन लाकडी फळ्या आणल्या, चाकांपुढे टाकल्या आणि डॉक्टरांना गाडी त्यावर चढवायला सांगितली. दोन इंच मिळाले. जॅक गेला. पोर्शच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जे लिफ्ट करते ते काम फणसाच्या फळ्यांनी केलं.

"पुढचं चाक मागं टाका, मागलं पुढं. झीज सारखी होईल," मालकांनी फुकटचा सल्ला दिला.

"नाही होत. पुढे २३५ आहे, मागे २६५."

मालकांनी वाकून दोन्ही टायरांवरचे आकडे वाचले. "मग चार टायरांच्या गाडीला दोन गाड्यांचे टायर." डॉक्टरांनी मान हलवली. इतक्या नेमकेपणाने त्यांचं दुखणं आजवर कुणी मांडलं नव्हतं.

तोवर गर्दी झाली होती. शेजारच्या थांब्यावरचे मिनिडोरवाले, सुट्टीची पोरं, बाजाराला आलेली माणसं. मिनिडोर म्हणजे या भागातली तीन चाकांची भाड्याची गाडी, गावोगाव माणसं ने-आण करते. तिच्या एका चालकाने गाडीला प्रदक्षिणा घालून विचारलं.

"इंजिन कुठाय?"

डॉक्टरांनी पुढचं झाकण उघडलं. आत त्यांची कपड्यांची बॅग आणि पाण्याच्या बाटल्या. "मागं असंल," कुणीतरी म्हणालं. मागचं उघडलं. तिथे स्टेथोस्कोपची पिशवी आणि भोरहून घेतलेला तांदूळ. गर्दीत हशा पिकला. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे, दोन्ही डिकींच्या मध्ये असतं, आणि त्याचं तोंड बघायचं तर टप अर्धवट उचलून आतली झाकणं काढावी लागतात. मालकाला दिसतात ती फक्त तेल आणि पाणी ओतायची दोन बुचं. डॉक्टरांनी ती दाखवली.

"म्हंजे तुमी बी नाय बगितलं अजून?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. ज्या इंजिनावर ते चहाच्या तीन फेऱ्या बोलू शकतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हे त्या वेळी आम्हालाही पहिल्यांदा कळलं. मिनिडोरवाल्याने त्यांना हाताला धरून आपल्या गाडीकडे नेलं आणि झाकण उघडून एकच सिलिंडर असलेलं त्याचं डिझेल इंजिन दाखवलं. सगळं समोर, सगळं हाताला लागणारं, सगळं तेलकट. डॉक्टर वाकून बराच वेळ बघत होते.

"सचिनची ती हीच का?" एका आजोबांनी विचारलं. लाल आणि बसकी गाडी दिसली की महाराष्ट्रात हे नाव निघतंच. २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी झाली म्हणून फियाटने तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना दिली, सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते. तिच्यावरचं कोटीच्या वरचं आयात शुल्क माफ झालं, त्यावर ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी ती रक्कम कंपनीने भरली. २०११ मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. आजोबांना हे सगळं आमच्याइतकंच माहीत होतं. त्यांचा राग शुल्कावर नव्हता, विकण्यावर होता. "बक्षीस इकतात व्हय?" याला सीएसाहेबांकडेही उत्तर नव्हतं. त्यांनी विषय बदलून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच तालुक्यातल्या नाते गावचे, असं सांगितलं, आणि पोराला बजावलं की त्यांच्या तालुक्यात उभं राहून हप्त्यांबद्दल रडू नये.

टायर उतरला, आतून ठिगळ लागलं, सुकायला वेळ होता. पोराला चवदार तळं बघायचं होतं. पोलो गावात नको, असं त्याने स्वतःहूनच म्हटलं, आणि आम्ही दोघं मिनिडोरने गेलो. त्या एका सिलिंडरच्या धडधडीने दात वाजत असताना तो चेहरा उजळून ऐकत होता. "याचा आयडलिंगचा आवाज भारी आहे," तो म्हणाला. गाडीवेड्याला कान असतात, आवडनिवड नसते.

तळ्याला आता चहूबाजूंनी दगडी काठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह इथे आले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव त्याआधीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. कागदावर उघडी झालेली वाट पायाखाली यायला माणसांना चालत यावं लागलं, आणि परतताना त्यांनी मारही खाल्ला. आम्ही एक फेरी मारली. पोरगा काही बोलला नाही. त्याच्या वयाला ते शोभून दिसलं.

परत आलो तर दुकानात पाण्याचा विषय निघाला होता. खांबावर, माझ्या डोक्याच्याही वर, मालकांनी एक रेघ मारून ठेवली होती. जुलै २०२१ ची. २२ तारखेला सावित्री, गांधारी, काळ सगळ्याच फुगल्या, महाड बुडालं, आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीवर माणसं गेली. पाणी चढायला लागलं की इथले लोक आधी गाड्या उंचावर नेऊन लावतात, हे मालकांनी सहज सांगितलं. त्या रात्री ज्यांना जमलं नाही, त्यांच्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या सापडल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी चाव्या फिरवल्या, इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जाईना आणि कनेक्टिंग रॉड वाकले. "चावी फिरवू नका, फिरवू नका, मी बोंबलत होतो." मित्राने लगेच विचारलं, किती रॉड सरळ झाले, किती टाकून दिले. मग दोघं लोखंडाच्या जातींवर बोलत राहिले. भोसरी आणि महाड यांच्यात त्या दिवशी जेवढं खरं बोलणं झालं तेवढं आमच्यात कुणाचंच झालं नसेल. फियाट बंद झाल्यापासून मित्र पुंटोचे कितीतरी भाग स्वतःच्या लेथवर काढतो. मालकांनी त्याच्याकडून एका बुशचं माप लिहून घेतलं, कानावरची पेन्सिल काढून.

ठिगळाचे पैसे इतके थोडे झाले, की डॉक्टर जास्त द्यायला लागले. मालकांनी उरलेले परत केले. "टायर म्हाग हाय. पंचर तेच हाय."

महाडहून पोलादपूरकडे निघालं की सावित्रीवरचा नवा पूल लागतो. जुना, ब्रिटिश काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एसटी आणि एक टवेरा. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये नवा पूल उभा राहिला. या महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला होता. त्याच रस्त्यावर एक पूल वर्षाच्या आत होतो आणि बाकीच्याला दशकं लागतात, यावर मित्र दर वेळी एकच शब्द बोलतो, जो इथे छापता येणार नाही.

पोलादपूरला फाटा. सरळ गेलं तर कशेडी, डावीकडे वळलं तर महाबळेश्वर. कशेडी घाटाखालून आता सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे. २०२३ च्या गणपतीत चाकरमान्यांसाठी तो पहिल्यांदा उघडला आणि घाटातली रखडपट्टी संपली. जगाला आनंद झाला. आमच्या कंपूत दुसऱ्याच कारणाने झाला: आता जुना घाट मोकळा मिळणार. लोक ज्या वळणांपासून सुटका मागतात ती यांना हवी असतात, आणि तीही ट्रकशिवाय. मला यात थोडा चैनीचा वास येतो. पोलादपूर तालुक्यात घरटी कुणीतरी मुंबईला पोटासाठी गेलेलं, वळणं हा त्यांच्या सुट्टीतून कापून जाणारा वेळ. डॉक्टरांना मी हे बोललो. ते म्हणाले, "खरं आहे. म्हणून आम्ही रविवारी येतो आणि गणपतीत येत नाही." उत्तर पुरेसं होतं असं नाही, पण प्रामाणिक होतं.

पोलादपूरच्या पंपावर पेट्रोल भरताना इथेनॉलचा वाद झाला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील खराब होतात की नाही, मायलेज किती घटतं, यावर आजकाल कुठल्याही गाडीवाल्याला बोलतं करता येतं. डॉक्टर पुण्यातून १०० ऑक्टेन भरून निघतात. साध्याच्या जवळजवळ दीडपट दर, पण गाडीला मानवतं म्हणे. इथे ते मिळत नव्हतं. त्यांनी साधं पेट्रोल अगदी थोडं भरलं, औषधाच्या डोसासारखं बघत.

आंबेनळीत मात्र सगळ्यांचं बोलणं थांबलं आणि गाड्या बोलू लागल्या. इंग्रजांनी याला फिट्झजेराल्ड घाट म्हटलं होतं. सावित्रीचं खोरं खाली राहतं, वळणामागून वळण येतं, आणि प्रतापगडाचा डोंगर कधी डाव्या काचेत, कधी उजव्या. पुंटोत मित्राचे हातपाय सारखे चालू होते, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. आमच्यात हाताने गिअर टाकायची गाडी त्याच्याकडेच आहे, आणि तो हे विसरू देत नाही. बाकी तिघांच्या गाड्या स्वतःच गिअर बदलतात. घड्याळावर काटा चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे जात नव्हता आणि तो माणूस घामाघूम, आनंदात. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना या अरुंद रस्त्यावर पाय पसरायलाच मिळत नाही. लहान गाडीला तिची सगळी ताकद वापरता येते, आणि सगळी ताकद वापरता येणं ही चैन बॉक्सस्टरला कधीच परवडत नाही. डॉक्टर हे कबूल करतात, पण फक्त आंबेनळीत.

एका वळणावर पुढच्याने वायरलेसवर नुसतं "इथे" म्हटलं. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस सहलीला निघाली असताना याच घाटात दरीत गेली. तिच्यातला एकच जण वाचला. सगळ्यांनी गाड्या आणखी हळू केल्या. पोराची पोलोही शांत होती.

पुढे चढावर एसटी आडवी आली. लाल, भरलेली, महाबळेश्वरला जाणारी. रस्ता असा, की तिने जागा दिल्याशिवाय कुणी पुढे जाणार नाही, आणि तिला जागा देण्यासारखी जागाच नाही. मग चारही गाड्या तिच्या मागे, तिच्याच चालीने. बऱ्याच वेळाने रस्ता रुंद झाला तिथे एसटी थांबली, दोन बाया टोपल्या घेऊन उतरल्या. डॉक्टरांनी बॉक्सस्टर तिच्या बाजूला आणली. चालकाने उंचावरून, खिडकीतून, खाली त्या उघड्या टपात बघितलं. त्याला वरून सगळंच दिसत होतं.

"गिअर कुठंय?"

"आपोआप पडतो. बॉक्स करतो तेच."

"घाटातबी?"

"घाटातही."

चालकाने आपल्या डाव्या हाताखालच्या लांब दांड्याकडे पाहिलं, मग पुन्हा डॉक्टरांकडे.

"मंग तुमी करता काय दिवसभर?"

मागून कंडक्टरने डबल बेल दिली.